भोक आहे की नाही? यंत्राला हो-नाही शिकवणारा जोसेफ मारी जॅकार्ड

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. चादर उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन मागेही दिसते. हे जमण्यासाठी प्रत्येक ओळीला कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, हे मागाला सांगावं लागतं. मागाच्या डोक्यावर बसलेलं जे उपकरण हे काम करतं त्याला जॅकार्ड म्हणतात. पैठणी घेताना दुकानदार हातमागाची की जॅकार्डची असं विचारतो, तो हाच जॅकार्ड.

आता भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात जा. सीएनसी मशीनच्या मागचं कपाट उघडलं की मोटारी हलवणारा मोशन कंट्रोलर दिसतो. त्याच्या कडेला बारीक स्क्रूंची एक पट्टी असते आणि तिच्यात तारा खोचलेल्या असतात. हे डिजिटल इनपुट. प्रत्येक तार कंट्रोलरला एकाच प्रश्नाचं उत्तर देते: आहे की नाही? सरकता टेबल टोकाला पोचला का? दार बंद आहे का? तिसरं उत्तर तिला देताच येत नाही.

मागावरचं उपकरण आणि कपाटातला कंट्रोलर यांची जात एकच. यंत्राने हो-नाही वाचायचं आणि त्याप्रमाणे हलायचं, ही गोष्ट रोजच्या धंद्यात आणून दाखवली ती जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाने. तो इंजिनिअर नव्हता. उमेदीची बरीच वर्षं तर तो कर्जात बुडालेला होता.

नक्षी वाचणाऱ्या आईचा मुलगा

जोसेफचा जन्म ७ जुलै १७५२ रोजी फ्रान्समधल्या ल्यों शहरात झाला. घराण्याचं खरं आडनाव शार्ल. त्या भागात शार्ल नावाच्या अनेक शाखा असल्याने ओळखायला सोपं जावं म्हणून लोकांनी प्रत्येकीला टोपणनाव दिलं होतं, आणि यांच्या वाट्याला जॅकार्ड आलं. फ्रेंच उच्चार झाकार असा काहीसा होतो. भावंडं नऊ, मोठी झाली ती दोनच: जोसेफ आणि त्याची बहीण क्लेमान्स.

वडील रेशीम विणणारे उस्ताद कारागीर होते. आई आंत्वानेत नक्षी वाचायचं काम करायची. हे काम काय असतं ते समजलं की पुढची सगळी गोष्ट सोपी होते.

मागावर ताण्याचे उभे धागे ताणून बांधलेले असतात. त्यातले काही वर उचलले की मधे फट पडते, त्या फटीतून धोटा बाण्याचा आडवा धागा घेऊन जातो. साध्या कापडाला एक सोडून एक धागा उचलला की भागतं. पण फूल, पान, मोर काढायचा तर प्रत्येक ओळीला वेगळेच धागे उचलावे लागतात. त्यासाठी मागाला शेकडो दोऱ्या बांधलेल्या असत आणि विणकराखेरीज आणखी एक माणूस त्या ओढायला लागत असे. हे काम बहुतेक वेळा लहान मुलं किंवा बायका करत. दोऱ्यांना वजनं लटकलेली, त्यामुळे दिवसभर ओढून शरीर मोडून जायचं. एक चुकीची दोरी ओढली की नक्षी बिघडलीच.

कुठल्या ओळीला कुठल्या दोऱ्या ओढायच्या हे आधी ठरवावं लागे. नक्षी चौकटीच्या कागदावर रंगवलेली असायची. तो कागद ओळीओळीने वाचून, भरलेला चौकोन म्हणजे दोरी घ्यायची आणि रिकामा म्हणजे सोडायची, अशा जुड्या बांधायच्या, हे आईचं काम. आजच्या भाषेत ती प्रोग्रॅमिंग करत होती असं म्हणायला हरकत नाही.

आई गेली तेव्हा जोसेफ दहा वर्षांचाही नव्हता किंवा जेमतेम असेल. गंमत अशी की नक्षी वाचणाऱ्या बाईच्या या मुलाला अक्षरं मात्र तेराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हती. क्लेमान्सचा नवरा बारे हा छपाईचा आणि पुस्तकविक्रीचा धंदा करायचा, त्याने जोसेफला शिकवलं.

घर गेलं, शहर पेटलं, मुलगा गेला

१७७२ साली वडील वारले. घर, माग, कारखाना, कूझों गावातला द्राक्षमळा आणि दगडाची खाण असं सगळं विशीतल्या जोसेफच्या हातात आलं. त्याने जमीनजुमल्याचे व्यवहार सुरू केले. १७७८ साली क्लोदीन बोआशों या विधवेशी लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगा झाला. पण कर्ज वाढत गेलं, प्रकरण कोर्टात पोचलं आणि वडिलोपार्जित मालमत्ता विकावी लागली. बायकोचा हुंडाही त्यातच गेला. ल्योंजवळच्या उलांमधलं तिचं घर तेवढं वाचलं. या काळात त्याने पोटासाठी नेमकं काय काय केलं याबद्दल वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. गवती टोप्यांचं काम केलं, चुन्याच्या भट्टीवर राबला, असं बरंच काही.

१७८९ साली राज्यक्रांती झाली. रेशमाचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे राजदरबार आणि सरदार. तेच संपल्यावर ल्योंचा धंदा बसला. १७९३ साली शहराने पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध बंड केलं, सरकारी फौजेने वेढा घातला आणि ऑक्टोबरमध्ये शहर पडलं. शहराच्या बाजूने लढलेला जॅकार्ड मुलाला घेऊन निसटला. पुढे बापलेक दोघेही क्रांतीच्याच सैन्यात भरती झाले. तिथे लढाईत मुलगा मारला गेला. एकुलता एक. जॅकार्ड एकटाच ल्योंला परतला. वय पन्नाशीकडे झुकलेलं, हाताशी काही नाही. आपल्या नावाची ओळख ठरलेलं सगळं काम त्याने यानंतर केलं आहे.

आधी कोण कोण होते?

भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याचा शोध जॅकार्डने लावला असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. ल्योंच्याच बाझील बुशोंने १७२५ साली भोकांच्या कागदी पट्टीने दोऱ्या निवडायची युक्ती काढली होती. तीन वर्षांनी फाल्कोंने कागदाऐवजी एकमेकांना शिवलेले पुठ्ठे वापरले, पण ते सुयांवर दाबायला शेजारी माणूस उभा राहावाच लागे. पुढे १७४० च्या दशकात वोकांसोंने, म्हणजे ज्याने खाणारं-पचवणारं यांत्रिक बदक दाखवून युरोपला थक्क केलं होतं त्यानेच, सगळी यंत्रणा मागाच्या डोक्यावर नेली आणि दोऱ्या ओढणारा माणूस काढून टाकला. मात्र त्याची नक्षी एका गोल नळकांड्यावर बसवलेली असल्यामुळे नळकांडं जेवढं, तेवढीच नक्षी. त्याचा माग धंद्यात रुजला नाही.

जॅकार्डने १८०० साली पायाने चालवायच्या मागाचं पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळालं, पण तो माग काही फारसा चालला नाही. नंतर त्याने मासेमारीची जाळी विणणारं यंत्र केलं. त्या निमित्ताने १८०३ साली त्याला पॅरिसला बोलावणं आलं आणि कॉन्झर्व्हेटुआर या तांत्रिक संस्थेत काम मिळालं. तिथे वोकांसोंचा माग होता.

जॅकार्डने तो पाहिला आणि दोन गोष्टी जोडल्या. वोकांसोंची माणसाशिवाय चालणारी यंत्रणा आणि फाल्कोंची पुठ्ठ्यांची माळ. माळ हवी तेवढी लांब करता येते, म्हणजे नक्षीही हवी तेवढी मोठी.

पुठ्ठा वाचायचा कसा?

जॅकार्डच्या यंत्रात उभे आकडे असतात. प्रत्येक आकड्याच्या खालच्या दोरीला ताण्याचा धागा अडकवलेला असतो. प्रत्येक आकडा एका आडव्या सुईच्या कडीतून गेलेला असतो. सुयांची टोकं पुढे आलेली आणि मागे स्प्रिंग. समोर चार बाजूंचा, भोकं असलेला लाकडी ठोकळा, त्यावरून पुठ्ठ्यांची माळ फिरते.

ठोकळा पुढे येतो आणि पुठ्ठा सुयांवर टेकतो. जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो. जिथे भोक नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो आणि आकडा कलतो. मग पात्यांची एक चौकट वर जाते. सरळ उभे आकडे पात्यांत अडकून वर येतात, कललेले खालीच राहतात. धोटा जातो, ठोकळा पाव फेरा फिरतो, पुढचा पुठ्ठा समोर येतो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ.

यात क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्या सुया आधी वाचून होतात, चौकट नंतर हलते. कारखान्यातला पीएलसी किंवा मोशन कंट्रोलरही साधारण असंच करतो: सगळे इनपुट एकदम वाचायचे, हिशोब करायचा, मग हालचालीचा हुकूम द्यायचा, आणि हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा. वाचता वाचताच हलायला लागलं तर अर्धी माहिती जुनी आणि अर्धी नवी असा घोळ होईल.

सुईची जागा आता विजेने घेतली आहे. औद्योगिक इनपुट बहुधा २४ व्होल्ट डीसीवर चालतात. प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकानुसार नेहमीच्या प्रकारात ५ व्होल्टपर्यंत म्हणजे नाही, १५ व्होल्टच्या वर म्हणजे हो. मधला पट्टा मुद्दाम सोडलेला आहे, म्हणजे शेजारच्या मोटारीच्या केबलमुळे तारेत थोडी गडबड झाली तरी शून्याचा एक होत नाही. सुई आणि भोक यांच्यात ठेवलेल्या मोकळ्या जागेचंच हे विजेतलं रूप.

जोडणी वेगळी, अर्थ वेगळा

जॅकार्डच्या मागावर दोन कामं वेगळी होतात. कुठला आकडा कुठल्या धाग्याला बांधायचा ही दोऱ्यांची जोडणी. ती एकदा, फार सावकाश केली जाते. नक्षी कापडाच्या रुंदीत चार वेळा यायची असेल तर एकाच आकड्याला चार दोऱ्या बांधतात. दुसरं काम पुठ्ठ्यांचं. जोडणी तशीच ठेवून नुसती माळ बदलली की नवी नक्षी. आईच्या पिढीत ही दोन्ही कामं दोऱ्यांतच गुंतलेली होती.

कंट्रोलर बसवणाऱ्यालाही याच दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली तारांची. सेन्सर पीएनपी जातीचा असेल तर तो चालू झाल्यावर इनपुटला २४ व्होल्ट पुरवतो, एनपीएन असेल तर इनपुटला शून्याकडे ओढतो. इनपुटचं कॉमन टर्मिनल त्याप्रमाणे शून्याला किंवा २४ व्होल्टला जोडावं लागतं. ते चुकलं किंवा जोडायचंच राहिलं तर प्रवाहाचं वर्तुळ पूर्ण होत नाही. मग सेन्सरवरचा दिवा लागतो, कंट्रोलरवरचा लागत नाही, आणि नवखा माणूस चांगला सेन्सर बदलत बसतो. दुसरी पायरी अर्थाची. तिसऱ्या नंबरचा इनपुट म्हणजे उजवीकडची हद्द, चौथा म्हणजे होम, हे कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये सांगावं लागतं. तारेला स्वतःला काहीच माहीत नसतं.

वीज आली म्हणजे हो समजायचं की नाही, हेही तिथेच ठरतं. मागावर याचा जुना दाखला आहे. नक्षीची बाजू वर ठेवून विणताना खूप धागे उचलावे लागणार असतील तर विणकर कापडाची उलटी बाजू वर ठेवून विणतात, म्हणजे पुठ्ठ्यावर भोकाच्या जागी कोरं आणि कोऱ्याच्या जागी भोक. कापड तेच, उचलायचं ओझं कमी.

पण खरी परीक्षा बिघाड झाल्यावर असते. जॅकार्डच्या यंत्रात पुठ्ठाच नसेल तर स्प्रिंगच्या जोराने सगळ्या सुया पुढे येतात आणि सगळे धागे उचलले जातात. म्हणजे गप्प राहणं याचा अर्थ तिथे हो असा होतो. पुठ्ठा फाटला तर नको तो धागा उचलला जाईल आणि कापडावर डाग दिसेल, तेवढंच. टनभर वजनाचा टेबल हलवणाऱ्या मशीनला तेवढ्यावर सोडता येत नाही. म्हणून हद्दीचे स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने जोडतात. सगळं ठीक असताना त्यातून वीज वाहत असते आणि टेबल टोकाला पोचला की ती तुटते. उंदराने तार कुरतडली तरी वीज तुटतेच, आणि मशीन थांबते. उलट, नॉर्मली ओपन स्विच लावला असेल तर तुटलेली तार आणि सुरक्षित टेबल कंट्रोलरला अगदी सारखेच दिसतात. आणीबाणीचं लाल बटण तर सेटिंगच्या भरवशावर सोडतच नाहीत. मोटारीची ताकद काढून घेणारं वेगळं सुरक्षा सर्किट त्याला जोडलेलं असतं.

बादशहा आला, पण माग अडत होता

एप्रिल १८०५ मध्ये नेपोलियन आणि जोसेफीन ल्योंला आले आणि त्यांनी हा माग पाहिला. इंग्लंडशी चाललेल्या स्पर्धेत फ्रेंच रेशीम पुढे न्यायचं होतं. पेटंट ल्यों शहराच्या नावे झालं. बदल्यात जॅकार्डला वर्षाला ३,००० फ्रँकची तहहयात पेन्शन मिळाली आणि सहा वर्षांपर्यंत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मागामागे ५० फ्रँक ठरले. कर्जापायी घर विकलेल्या माणसाचे दिवस बावन्नाव्या वर्षी पालटले.

१८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे ११,००० माग चालू होते असं अनेक पुस्तकांत आढळतं. काही अभ्यासकांना हा आकडा मान्य नाही, आणि त्यांचं म्हणणं जास्त पटणारं आहे. कारण सुरुवातीच्या मागांत पुठ्ठ्यांची माळ नीट सरकत नव्हती. भोकं सुयांच्या अगदी समोर येऊन स्थिर व्हायला हवीत. केसाएवढा फरक पडला तरी सुई कडेला अडते आणि हो असताना नाही वाचलं जातं. हा दोष झां आंत्वान ब्रेतों या कारागिराने काढला आणि १८१५ नंतर मागांची विक्री खऱ्या अर्थाने वाढली. ब्रेतोंचं नाव आज कुणाला माहीत नाही. कंट्रोलरमध्येही हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. स्विचचे पत्रे एकमेकांवर आदळताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबण्याची पाच दाबणी मोजली जातात. म्हणून सिग्नल ठरावीक काळ स्थिर राहिल्याशिवाय तो मानायचा नाही, अशी सेटिंग ठेवतात.

ल्योंच्या विणकरांनी या मागाला विरोध केला. माग चौकात जाळले, जॅकार्डवर हल्ला झाला, अशा गोष्टी पुढे रंगवून सांगितल्या गेल्या. त्यात दंतकथा किती हा भाग सोडला तरी भीती खोटी नव्हती. दोऱ्या ओढणाऱ्यांची गरजच संपली. त्या मुलांची पाठ वाचली आणि रोजगारही गेला, दोन्ही एकाच वेळी. विणकर मात्र संपले नाहीत, वाढले. नवा माग उंच असल्याने जुन्या घरांत मावेना, म्हणून शहरालगतच्या क्रुआ-रूस टेकडीवर सुमारे चार मीटर उंच छताची घरं उभी राहिली. १८३१ साली त्याच टेकडीवरचे विणकर रस्त्यावर उतरले. तो उठाव यंत्राविरुद्ध होता असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात मागणी होती मजुरीचा किमान दर ठरवून देण्याची. एकोणऐंशी वर्षांचा जॅकार्ड तेव्हा जवळच्याच उलांमध्ये राहत होता.

तिथेच ७ ऑगस्ट १८३४ रोजी तो वारला. १८१९ साली त्याला लीजन ऑफ ऑनर मिळालं होतं. १८४० साली ल्योंमध्ये पुतळाही उभा राहिला.

पुठ्ठे मात्र मागावरून उतरून दुसरीकडे निघाले होते. लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणन यंत्राला हुकूम देण्यासाठी तेच घ्यायचं ठरवलं. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथच्या यंत्राने पुठ्ठ्यावर टाचण्या टेकवल्या. भोक असेल तिथे टाचणी आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडायची, सर्किट पूर्ण व्हायचं आणि मोजणीचा काटा एक घर सरकायचा. सुई होती तशीच राहिली, तिच्यात वीज आली. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने भोकांच्या कागदी पट्टीवर चालणारी मिलिंग मशीन दाखवली, आणि तिथून सीएनसीची वाट सुरू झाली.

जॅकार्डच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी ल्योंच्या एका विणकराने त्याचं चित्र रेशमात विणलं. हातात कंपास घेऊन बसलेला म्हातारा जॅकार्ड, शेजारी मागाची छोटी प्रतिकृती. त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. एक प्रत बॅबेजने मिळवली आणि लंडनच्या घरात लावली. पाहुण्यांपैकी काही जण ते बारकाईने पाहत आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र समजत.